पाऊस किती पडला? आधी विचारा, किती वेळात पडला!

(ऐकायला वेळ नसेल तर हा भाग इथे वाचा. बोलण्यातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

आज सुरुवात एका मिनिटाने करूया. अक्षरशः एका मिनिटाने.

४ जुलै १९५६. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात युनियनव्हिल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे त्या दिवशी एका मिनिटात ३१.२ मिलिमीटर पाऊस पडला. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत एका मिनिटाच्या पावसाचा हाच विक्रम आहे. आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. ३१.२ गुणिले ६०. उत्तर येतं १८७२. म्हणजे तोच जोर फक्त तासभर टिकला असता तर १८७२ मिमी पाऊस झाला असता.

आणि अख्ख्या जगात २४ तासांत पडलेल्या सर्वाधिक पावसाची नोंद किती आहे? १८२५ मिमी. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरची, जानेवारी १९६६ मधली.

लक्षात आलं का? त्या एका मिनिटाचा जोर तासभर जरी टिकला असता, तरी त्याने पूर्ण दिवसाचा विक्रम मोडला असता. पण तो टिकला नाही. तसा जोर कुठेच टिकत नाही. का टिकत नाही, किती टिकतो आणि त्यावरून आपल्या गल्लीत पाणी भरणार की नाही हे कसं कळतं, हे सगळं आज बघूया.

मिलिमीटरमध्ये घड्याळ नसतं

आधी एक सोपा हिशेब. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची १००० चौरस फुटांची धरा, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. तिच्यावर १०० मिमी पाऊस पडला तर पाणी जमलं सुमारे ९,३०० लिटर. जवळपास एक मोठा टँकर.

आता हा टँकर गच्चीवर २४ तासांत रिकामा झाला, तर मिनिटाला साडेसहा लिटर पाणी येतं. अर्धवट सोडलेल्या नळाइतकं. पन्हाळीचा पाइप ते आरामात खाली नेतो, कुणाला पत्ताही लागत नाही. तोच टँकर एका तासात ओतला, तर मिनिटाला १५५ लिटर. म्हणजे पंधरा नळ एकदम पूर्ण सोडल्यासारखे. पाइप तुंबतो, गच्चीवर तळं होतं, जिन्यातून धबधबा सुरू होतो.

बातमीत मात्र दोन्ही दिवशी एकच ओळ येते : "१०० मिमी पावसाची नोंद." म्हणून नुसता मिलिमीटरचा आकडा ऐकून काही ठरवू नका. लगेच विचारा, किती वेळात?

विक्रमांची रांग

आता जगातले विक्रम वेळेप्रमाणे ओळीने लावू. सोबत प्रत्येकाचा तासाचा सरासरी वेग सांगते. आकडे पाठ करू नका, फक्त वेग कसा उतरत जातो तेवढं बघा.

१ मिनिट : ३१.२ मिमी, युनियनव्हिल. वेग ताशी १८७२ मिमी.

४२ मिनिटं : ३०५ मिमी. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं होल्ट गाव, २२ जून १९४७. वेग ताशी साधारण ४३६ मिमी.

२४ तास : १८२५ मिमी, रीयुनियन बेटावरचं फॉक-फॉक, ७-८ जानेवारी १९६६. वेग ताशी ७६ मिमी.

४८ तास : २४९३ मिमी, आपलं चेरापुंजी, १५-१६ जून १९९५. वेग ताशी ५२ मिमी.

९६ तास : ४९३६ मिमी. पुन्हा रीयुनियन, कोमर्सन नावाचं ज्वालामुखीचं विवर, फेब्रुवारी २००७. वेग ताशी ५१ मिमी.

१ महिना : ९,३०० मिमी, चेरापुंजी, जुलै १८६१. वेग ताशी साडेबारा मिमी.

१२ महिने : २६,४७० मिमी. पुन्हा चेरापुंजी, ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१. वेग ताशी फक्त ३ मिमी.

एकूण पाऊस वाढतोय, वेग मात्र कोसळतोय. इथपर्यंत कुणालाही अंदाज असतो. गंमत पुढे आहे.

एका वर्षात ५ लाख २५ हजार ६०० मिनिटं असतात. म्हणजे पहिल्या विक्रमापासून शेवटच्या विक्रमापर्यंत वेळ सव्वापाच लाख पट वाढला. पाऊस किती पट वाढला? २६,४७० भागिले ३१.२, म्हणजे सुमारे ८५० पट. आणि सव्वापाच लाखांचं वर्गमूळ किती? साधारण ७२५. खूप जवळ आलो की नाही?

हाच तो नियम. टोकाचा पाऊस वेळेच्या प्रमाणात वाढत नाही, तो वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. वेळ चौपट झाला तर विक्रमी पाऊस दुप्पट होतो. वेळ शंभरपट, तर पाऊस दहापट. मधले काही विक्रम या हिशेबाच्या दीडपट-दुप्पट वर जातात, पण रेषा तीच राहते. एका मिनिटापासून वर्षापर्यंत!

अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या आर्थर जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये जगभरचे असे विक्रम एकत्र प्रसिद्ध केले. असे विक्रम आलेखावर मांडले, म्हणजे ज्या आलेखावर प्रत्येक पायरी आधीच्या दहापट असते त्यावर, तर बिंदू जवळपास एका सरळ रेषेत येतात. आपल्यापैकी जे सिव्हिल इंजिनिअरिंग करतायत त्यांनी जलविज्ञानाच्या पुस्तकात हे सूत्र पाहिलं असेल : सेंटिमीटरमधला पाऊस बरोबर ४२.१६ गुणिले तासांचा ०.४७५ वा घात. वर्गमूळ म्हणजे ०.५ वा घात. त्याचाच हा सख्खा भाऊ.

पण एक गोष्ट नीट धरा. ही रेषा म्हणजे जगाचं छत आहे. तुमच्या गावात एवढा पाऊस पडेल असं ती सांगत नाही. आजवर याच्या फार वर कुणी गेलेलं नाही, एवढंच ती सांगते.

ढग दमतो कसा?

आता प्रश्न असा, की पाऊस तोच जोर धरून का ठेवत नाही?

पहिलं कारण म्हणजे हवेतला साठा. भर पावसाळ्यात तुमच्या डोक्यावरची, जमिनीपासून आभाळापर्यंतची सगळी वाफ पिळून काढली, तरी पाणी निघेल साधारण ६०-७० मिमी. बस्स. त्याहून जास्त पाऊस पडायचा असेल, तर आजूबाजूची ओली हवा सतत तिथे येत राहायला हवी. म्हणजे मोठा पाऊस हा एका ढगाचा खेळ नाही, तो पुरवठ्याचा खेळ आहे.

दुसरं कारण ढगाच्या आतच आहे. वळवाचा उंच ढग आठवा. खालून गरम, दमट हवा वर चढते, थंड होते, पाणी बनतं. पण पाऊस सुरू झाला की पडणाऱ्या थेंबांबरोबर थंड हवाही जोरात खाली येते. पावसाच्या आधी अंगावर येणारा तो गार वारा, तोच. ही थंड हवा जमिनीवर पसरते आणि ढगाला खालून मिळणारा पुरवठा तोडते. असा एकटा ढग अर्ध्या-एक तासात संपतो. स्वतःच्याच पावसाने तो स्वतःला विझवतो.

मग काही तास जोर टिकतो तेव्हा काय होतं? ढगांची रांग लागते. एक विरला की त्याच जागी मागून दुसरा, मग तिसरा, लोकलच्या गाड्या लागतात तसे. पण दोन गाड्यांमध्ये थोडी उसंत असतेच. म्हणून तासाची सरासरी मिनिटाच्या जोरापेक्षा कमी.

दिवस-दोन दिवस हवे असतील तर चक्रीवादळासारखी मोठी यंत्रणा लागते, आणि तिच्या वाटेत डोंगर असेल तर दुधात साखर. रीयुनियनमध्ये नेमकं तेच आहे. समुद्रातून ३००० मीटरहून उंच उठलेले डोंगर, आणि त्यांच्यावर आदळणारी चक्रीवादळं. २००७ चा विक्रम गामेड नावाच्या वादळात झाला.

आणि महिने हवे असतील तर फक्त मान्सून! बंगालच्या उपसागरावरून आलेली वाफ बांगलादेशच्या सपाटीवरून सरळ खासी टेकड्यांवर धडकते. हवेला वर चढण्यावाचून पर्याय नाही. म्हणून महिन्याचा आणि वर्षाचा विक्रम चेरापुंजीचा. पण तिथेही पावसाला उघडीप असते आणि हिवाळा जवळपास कोरडा जातो. या सगळ्या सुट्ट्या धरल्या की वर्षाचा वेग ताशी ३ मिमीवर येतो.

थोडक्यात, वेळ जितका लांब, तितके पावसात खाडे जास्त. वर्गमूळ कुठून येतं याचं ढोबळ उत्तर हेच.

एकाच वर्षातले दोन पूर

आता हे सगळं आपल्याकडे आणूया. २०१९ हे वर्ष आठवा.

ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेली. सांगली शहर खरं तर कमी पावसाच्या पट्ट्यात येतं. पाणी तिथे पडलेल्या पावसाचं नव्हतं. घाटमाथ्यावर दिवसेंदिवस कोसळत राहिलेला पाऊस कोयना, वारणा, पंचगंगा यांतून कृष्णेत उतरला. इतक्या मोठ्या नदीच्या खोऱ्याला एखाद्या तासाच्या सरीने काही फरक पडत नाही. तिला भरायला कित्येक दिवस सलग पाऊस लागतो. पाणी हळूहळू चढतं आणि उतरायलाही आठवडा घेतं.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून येणारा हा ओढा एरवी अनेकांना दिसतही नाही. त्याचं पाणलोट क्षेत्र छोटं, उतार तीव्र. अशा ओढ्याला दिवस लागत नाहीत. रात्रीच्या काही तासांतल्या जोरदार पावसात भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, पुणे परिसरात वीसहून अधिक लोकांचा जीव गेला.

दोन पूर, दोन वेगळी घड्याळं. प्रत्येक पाणलोटाचं स्वतःचं घड्याळ असतं. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पडलेला थेंब तुमच्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्याच वेळाचा पाऊस तुमच्यासाठी धोक्याचा. गच्चीच्या पाइपसाठी पाच मिनिटं. गल्लीतल्या गटारासाठी पंधरा मिनिटं ते तास. ओढ्यासाठी काही तास. कृष्णेसारख्या नदीसाठी दिवस.

डोंगराचं घड्याळ तर आणखी वेगळं. मातीत पाणी मुरत मुरत जातं, ती जड होते, तिची पकड सुटते. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथे त्या तासाचा पाऊस बघून भागत नाही, आधीच्या दिवसांचं मुरलेलं पाणीही मोजावं लागतं.

सरासरी फसवते

आपलं हवामान खातं पावसाचे वर्ग २४ तासांवर ठरवतं. ६४.५ मिमीपासून पुढे "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार", २०४.४ च्या वर "अत्यंत जोरदार". आणि हा दिवस मोजला जातो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊ अशी दोन तासांची तुफान सर आली, तर तिचे दोन तुकडे होऊन दोन वेगवेगळ्या तारखांना जातात. कागदावर दोन्ही दिवस बरे दिसतात!

ढगफुटीची व्याख्या मात्र तासाची आहे : छोट्याशा भागात एका तासात १०० मिमी किंवा जास्त. म्हणून "२४ तासांत १५० मिमी, ढगफुटी झाली" असं कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर शांतपणे विचारा, तासाचा आकडा काय?

अनेक गावांत दिवसातून एकदाच पर्जन्यमापक वाचला जातो. मग तासाचा अंदाज कसा काढायचा? भारतात इंजिनिअर एक जुनं, सोपं सूत्र वापरतात, हवामान खात्याचं "एक-तृतीयांश घात" सूत्र. वेळेला २४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा, त्याने दिवसाचा पाऊस गुणा. उदाहरण घेऊ. दिवसाचा टोकाचा पाऊस २०० मिमी धरून गटार बांधायचंय. सरासरी काढली तर ताशी ८ मिमी. काहीच नाही! पण सूत्र सांगतं, सर्वांत वाईट तासासाठी ७० मिमीची तयारी ठेवा आणि सर्वांत वाईट पंधरा मिनिटांसाठी ४४ मिमीची.

आता २६ जुलै २००५ ची मुंबई बघा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिमी पाऊस पडला. जगाच्या विक्रमाच्या निम्म्याहून जास्त! सरासरी काढली तर ताशी ३९ मिमी. पण दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९०.३ मिमी पडला. आणि मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था कशासाठी बांधलेली होती? ताशी २५ मिमीसाठी, तेही समुद्राला ओहोटी असताना. त्या दुपारी भरती होती. त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात दिवसभरात पडला फक्त ७३.४ मिमी. पाऊस जितका कमी वेळात कोसळतो, तितका तो छोट्या जागेत कोसळतो, हेही यावरून कळतं.

नंतर मुंबईत क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं. पण ५० हा आकडासुद्धा तासाचा आहे. पंधरा मिनिटांत ४० मिमी पडला, तर ५० मिमीवाली वाहिनीही त्या वेळेपुरती अपुरी पडणार. अर्ध्या तासात पाणी ओसरलं तर ते गणिताप्रमाणेच. तीन तास ओसरलं नाही, तर मात्र कुठेतरी गाळ आहे, अडथळा आहे किंवा भरती आहे. नगरसेवकाला प्रश्न विचारायचा तर हा फरक धरून विचारा.

आणि हे छत स्थिर नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. जुन्या पावसावर बेतलेली गटारं, पूल आणि पाइप आपण अजून वापरतोय.

मग मोबाइलवर बघायचं काय?

तुम्ही कुठे आहात त्यावर उत्तर अवलंबून आहे.

दुचाकीवर, भुयारी मार्गाजवळ किंवा सखल वस्तीत असाल, तर दिवसाच्या आकड्याच्या नादी लागू नका. हवामान खात्याचं रडारचं चित्र आणि पुढच्या तीन तासांचा "नाऊकास्ट" इशारा बघा. तुमच्यासाठी धोका पंधरा मिनिटं ते एका तासाचा आहे.

ओढ्या-नाल्याच्या काठावर राहत असाल, तर गेल्या दोन-तीन तासांचा पाऊस बघा, आणि तोही वरच्या बाजूचा. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी.

मोठ्या नदीकाठी असाल, तर घाटमाथ्यावरचा तीन-चार दिवसांचा एकूण पाऊस आणि धरणाचा विसर्ग.

डोंगराच्या पायथ्याशी असाल, तर आठवडाभराचा मुरलेला पाऊस आणि त्यावर आजची मोठी सर. जमिनीला नवी भेग दिसली, झाडं वा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर आकड्यांची वाट न बघता बाहेर पडा.

या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : वेळ चौपट, तर टोकाचा पाऊस दुप्पट. म्हणजेच वेळ जितका कमी, तितका पावसाचा वेग भयंकर. उद्या कुणी म्हणालं, "काल आमच्याकडे दीडशे मिलिमीटर झाला," तर लगेच विचारा, "किती तासांत?"

तुमच्या गावातल्या एखाद्या पावसाचा आकडा आणि त्याचा वेळ दोन्ही माहीत असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही आकडे घेऊन गणित करू. तोपर्यंत गच्चीचा पाइप साफ करून घ्या. भेटूच!